उपनगरांतील डावांचे दप्तर

ज्या देशाच्या खुल्या आणि महिला अशा दोन्ही संघांनी २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदके मिळविली, ज्या देशाचा डी. गुकेश त्याच वर्षाच्या डिसेंबरात जगज्जेता झाला, आणि ज्या महाराष्ट्रातील नागपूरच्या दिव्या देशमुख हिने २०२५ च्या जुलैत बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकून त्याच विजयाबरोबर ग्रँडमास्टर हा किताबही संपादन केला, त्या देशातील मुंबईच्या उपनगरांत दर रविवारी सकाळी शाळांच्या सभागृहांतून बुद्धिबळाचे पट मांडले जावेत, यात नवल काही नाही. खेद वाटतो तो याचा, की संध्याकाळी ते पट उचलले गेल्यावर दिवसभरात खेळल्या गेलेल्या शेकडो डावांपैकी बहुधा एकही डाव कोणत्याही कागदावर उरलेला नसतो. कोण जिंकले, कोणास किती गुण मिळाले आणि कोणत्या वयोगटात कोणता चषक कोणाच्या घरी गेला, याचा तक्ता उरतो. परंतु तो गुण ज्या विचाराने मिळाला किंवा ज्या अविचाराने गमावला, तो विचार आणि तो अविचार दोन्ही सभागृहाच्या दाराशीच विरून जातात.

याचे कारण स्पर्धांच्या घडणीत आहे. बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड येथील बहुतेक स्पर्धा एकदिवसीय रॅपिड पद्धतीच्या असतात. स्विस पद्धतीने सहा-सात फेऱ्या एकाच दिवशी उरकावयाच्या, प्रत्येकास दहा ते वीस मिनिटांचे घड्याळ द्यावयाचे आणि अंधार पडण्यापूर्वी बक्षीससमारंभ आटोपावयाचा, असा त्यांचा शिरस्ता आहे. जागतिक महासंघाच्या नियमावलीप्रमाणे दीर्घ मुदतीच्या डावात प्रत्येक खेळी लिहून ठेवण्याचे बंधन दोन्ही खेळाडूंवर असते, पण रॅपिड डावात ते नसते. आणि जेथे बंधन नाही तेथे, हातात घड्याळाची टिकटिक असताना, दहा वर्षांचे मूल आपण होऊन पेन्सिल उचलील अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. आयोजकांना सभागृहाचे भाडे द्यावे लागते, पालकांना सोमवारची शाळा आणि कचेरी असते, विरारहून आणि कल्याणहून आलेल्या कुटुंबांना रात्रीची गाडी गाठावयाची असते. या अडचणी खऱ्या आहेत आणि त्यांची थट्टा करण्याचा अधिकार ज्याने कधी अशी स्पर्धा भरविली नाही त्यास नाही. तथापि या वहिवाटीची किंमत आपण किती मोजतो आहोत, याचा हिशेब एकदा तरी मांडला पाहिजे असे मला वाटते, कारण ती किंमत सर्वांत अधिक वसूल होते ती डावाच्या प्रारंभाकडून, ज्याला आपली मुले ‘ओपनिंग’ म्हणतात आणि ज्यावर त्यांचा व त्यांच्या पालकांचा सर्वांत अधिक काळ आणि पैसा खर्च होतो.

ओपनिंग ही ग्रँडमास्टरांच्या प्रयोगशाळेत तयार होऊन खाली उतरणारी वस्तू आहे, अशी एक समजूत आपल्याकडे दृढ झालेली दिसते. इतिहास तिला दुजोरा देत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचे एक स्कॉटिश बॅरिस्टर वकिली करीत असत आणि तेथील चेस क्लबात त्यांच्या तोडीचा खेळाडू मिळत नसे. १८४८ च्या सुमारास क्लबातील एका सभासदास मोफसलीत एका ब्राह्मणाची गाठ पडली. हा गृहस्थ आजवर कोणाकडून हरलेला नाही, असे गावकरी सांगत होते. त्याचे नाव महेशचंद्र बंदोपाध्याय. त्यास कलकत्त्यास आणले गेले आणि पुढे कित्येक वर्षे तो आणि कॉक्रेन एकमेकांशी खेळत राहिले. महेशचंद्र देशी पद्धतीच्या बुद्धिबळात वाढलेले होते. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीसही एकच घर सरकते, म्हणून डावाची मांडणी संथ होते, उंट मागच्या कोपऱ्यातून लांबवर नजर ठेवतो, आणि मध्यभाग आधी बळकाविण्यापेक्षा तो प्रतिपक्षास घेऊ देऊन मग पोखरावा, असा कल खेळाडूच्या हाडी रुजतो. विलायती नियम आत्मसात केल्यावरही महेशचंद्रांनी हा कल सोडला नाही.

१८५५ च्या मे महिन्यातील त्यांचा एक डाव आज जगातील कोणताही विद्यार्थी पाहू शकतो. कॉक्रेनने वजिरापुढचे प्यादे आणि त्याच्या शेजारचे उंटाचे प्यादे दोन-दोन घरे पुढे टाकून मध्यभागावर हक्क सांगितला. महेशचंद्रांनी राजाकडील घोडा बाहेर काढला, त्या घोड्याच्या स्तंभातील प्यादे एकच घर सरकविले, मग वजिराचे प्यादे पुढे घालून पांढऱ्याच्या मध्यावर आघात केला, उंट त्या नव्या खिडकीत बसविला, राजास किल्ल्यात नेले आणि पुढे सी-५ वर आणखी एक प्यादे धाडले. डाव पुढे बिघडला आणि महेशचंद्र तो हरले. एका क्लबातील, दोन हौशी खेळाडूंमधील, हरलेला डाव! परंतु कॉक्रेनच्या या गाठीभेटी लिहून ठेवल्या गेल्या, विलायतेतील बुद्धिबळाच्या नियतकालिकांत छापल्या गेल्या, आणि म्हणून ६७ वर्षांनी, १९२२ मध्ये, ऑस्ट्रियाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्ड याने जेव्हा हीच रचना स्पर्धांत आणली आणि व्हिएन्ना येथे खुद्द अलेखिनला तिच्या साहाय्याने हरविले, तेव्हा तिचा पूर्वज बंगालमधील एका खेडवळ ब्राह्मणाच्या खेळीत सापडतो, हे आपणास दाखल्यासह सांगता येते. बचावास नाव ग्रुनफेल्डचे लागले. परंतु ज्या विशाल कुलात तो मोडतो त्या साऱ्या कुलास इंडियन डिफेन्स म्हणण्याचा प्रघात महेशचंद्रांच्या खेळावरूनच पडला. तो कागद नसता तर हे श्रेय कोणत्या न्यायासनापुढे मागता आले असते?

असा हा एकच दाखला नाही. ज्या एव्हान्स गँबिटने एकोणिसाव्या शतकातील आक्रमक खेळाला सर्वाधिक इंधन पुरविले, तिचा जनक विल्यम डेव्हिस एव्हान्स हा वेल्समधील एक बोटीवरचा कप्तान होता. १८२० च्या दशकात त्याने लंडनमध्ये मॅकडोनेलविरुद्ध ती खेळून दाखविली, आणि डाव टिपला गेला म्हणून ती टिकली. खेळ्यांची आज सर्वत्र चालणारी अक्षर-अंकांची लेखनपद्धती तिच्या आरंभीच्या रूपात १७३७ मध्ये पॅरिसला एका पुस्तकातून लोकांपुढे ठेवणारा फिलिप स्टामा हासुद्धा मूळचा सीरियातील अलेप्पो शहराचा. खेळणारे हात सर्व देशांत होते. ज्यांनी लिहिले त्यांचा खेळ पुढच्या पिढीच्या उपयोगी पडला.

आणि लिहिण्याच्या बाबतीत महाराष्ट्राने मागे राहावे, याचे तर मला विशेष दुःख होते. ज्या मुलखात रोजकीर्द घालण्याची शिस्त इतकी कडक होती की पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमालांतून आज अठराव्या शतकाचा बारीकसारीक खर्चसुद्धा वाचता येतो, त्या मुलखात बुद्धिबळाच्या डावांची नोंद मात्र कधी रुजली नाही. १८१४ मध्ये मुंबईत तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांचा संस्कृतावरून इंग्रजीत आणलेला बुद्धिबळावरील ग्रंथ छापला गेला, ही या शहराला भूषणावह गोष्ट आहे. पण त्यात मुख्यतः डावातील आणीबाणीच्या स्थिती आहेत, प्रारंभापासून अखेरपर्यंतच्या झुंजी नाहीत. पुढे सांगलीचे विनायकराव खाडिलकर १९२४ च्या ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धेत खेळून आले. १९५५ मध्ये एलुरू येथे भरलेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेचे विजेतेपद मुंबईच्या रामचंद्र सप्रे यांनी डी. वेंकय्या यांच्यासह संयुक्तपणे मिळविले. वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींनी महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धांचा एक काळ गाजविला आणि रोहिणी १९८१ मध्ये आशियाई विजेती झाली. प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये आनंद आणि दिव्येंदू बरुआ यांच्या पाठोपाठ देशाचे तिसरे ग्रँडमास्टर झाले. ही नावे आपण अभिमानाने घेतो. परंतु सप्रे यांचा एखादा डाव मांडून दाखवा, असे आज अंधेरीतील एखाद्या तरुण प्रशिक्षकास म्हटले तर तो कोठे शोधील?

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे आपल्या मुलांच्या ओपनिंगकडे वळतो, आणि त्यासाठी एक साधा डाव वाचकांपुढे ठेवतो. तो मुलुंड पूर्वेकडील एका शाळेच्या सभागृहात मी उभ्याने पाहिला, आणि येथे तो सांगू शकतो ते केवळ माझ्या खिशातील एका पावतीच्या पाठीवर त्याच्या खेळ्या मी टिपून घेतल्या होत्या म्हणून. पांढरी मोहरी सहावीतील एका मुलाकडे होती, काळी घाटकोपरहून आलेल्या एका निवृत्त गृहस्थांकडे. मुलाने वजिराचे प्यादे दोन घरे पुढे टाकले, प्रतिपक्षानेही तसेच केले, आणि दुसऱ्याच खेळीस मुलाचा उंट एफ-४ वर जाऊन बसला. ही लंडन पद्धत. लंडन येथील १९२२ च्याच स्पर्धेवरून तिला हे नाव पडले. प्रतिस्पर्धी काहीही खेळो, पांढऱ्याने बहुधा तीच ती आठ-नऊ ठिकाणे गाठावयाची असल्यामुळे शिकविण्यास ती सोयीची, आणि म्हणून उपनगरांतील प्रशिक्षणवर्गांत ती आज घरोघरीच्या पाढ्यांप्रमाणे म्हणवून घेतली जाते.

काळ्याने दुसऱ्या खेळीस सी-५ वर प्यादे नेले, पांढऱ्याने ई-३, काळ्याचा घोडा सी-६ वर आला, पांढऱ्याने सी-३ हा आधार दिला, आणि चौथ्या खेळीस काळ्याचा वजीर बी-६ वर येऊन पांढऱ्याच्या बी-२ वरील प्याद्याकडे पाहू लागला. येथे जाणकाराने थांबून विचार करावयाचा असतो. बी-२ वरील प्याद्याचा जन्मजात राखणदार म्हणजे सी-१ वरील उंट, आणि तोच तर दुसऱ्या खेळीस घर सोडून गेला होता! लंडन पद्धतीचे सारे सौंदर्य त्या लवकर बाहेर पडलेल्या उंटात आहे आणि तिचे सारे ऋणही त्याच उंटाच्या रिकाम्या घरात आहे. हे ज्याला उमगले त्याला ती पद्धत कळली, बाकीच्यांना केवळ तिचा अनुक्रम पाठ झाला. मुलाने पाठ केल्याप्रमाणे वजीर बी-३ वर आणून समोरच्या वजिरास भिडविला. काळ्याने सी-४ वर प्यादे ढकलून त्यास हुसकले. वजीर सी-२ वर हटला. आणि तेव्हा त्या निवृत्त गृहस्थांनी, चष्मा वर करून, आपला उंट एफ-५ वर, पांढऱ्या वजिराच्या थेट तोंडी, कोणाचाही आधार नसलेल्या घरात ठेवला.

मुलाने तो तत्काळ मारला. त्याचा हात घड्याळावर पडेपर्यंत काळ्याच्या वजिराने बी-२ वरील प्यादे घेतले होते, कोपऱ्यातील ए-१ वरचा हत्ती कोंडला गेला होता आणि त्यास वाचविणारी खेळी पटावर नव्हती. उंटास हात न लावता वजीर गुपचूप सी-१ वर मागे नेला असता, तर त्याच रिकाम्या घरात उभा राहून त्याने बी-२ ची राखण केली असती आणि डाव पुढे चालला असता. खेळी दिसावयास दीन, पण त्या स्थितीचे मर्म जाणणारी. आणखी वीसेक खेळ्यांनी मुलाने राजीनामा दिला. “डाव कुठे बिघडला रे?” असे मी त्याला बाहेर विचारले, तेव्हा तो प्रामाणिकपणे म्हणाला, “काका, हत्ती गेला ना माझा, तिथे.” उंट बाहेर काढण्याच्या दुसऱ्या खेळीपासून ते हत्ती पडेपर्यंतची जी सलग साखळी होती, तिच्यातील शेवटची कडी तेवढी त्याच्या स्मरणात राहिली होती, आणि पुढच्या फेरीची पेअरिंग लागली, अशी हाक आल्याबरोबर तीही राहिली नसावी. त्या मुलाच्या बुद्धीत मला काही उणे दिसले नाही. त्याला त्याचा डाव परत पाहण्याचे साधन आपण दिले नव्हते.

लंडन पद्धतीला माझा विरोध आहे असा समज कोणी करून घेऊ नये. २०२३ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत डिंग लिरेनने नेपोम्नियाचीविरुद्धचा सहावा डाव याच पद्धतीने जिंकला. जगज्जेतेपदाच्या लढतीस जी शोभते ती मुलुंडच्या मुलास वर्ज्य करण्याचे कारण नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की कोणतीही ओपनिंग खेळाडूची स्वतःची होते ती त्याने तीत खाल्लेल्या पराभवांच्या अभ्यासाने, आणि तो अभ्यास डावाच्या लेखी नोंदीवाचून होत नाही. आपले स्वतःचे डाव तपासावेत आणि ती तपासणी प्रसिद्ध करून इतरांच्या टीकेस सामोरे जावे, हा सोव्हिएत जगज्जेता बोटविनिक याचा आग्रह होता. सोव्हिएत खेळाडूंच्या पिढ्या त्या शिस्तीत वाढल्या. आपल्याकडे विकत घेतलेल्या फाइलींतून दुसऱ्यांच्या वीस-वीस खेळ्या मुखोद्गत होतात आणि स्वतःची सातवी खेळी मात्र संध्याकाळपर्यंतही आठवत नाही.

यावर असे म्हटले जाईल की आजकाल मुले अर्धे डाव मोबाइलवर खेळतात, तेथे प्रत्येक खेळी आपोआप नोंदली जाते आणि चूक कोठे झाली हे यंत्र क्षणार्धात सांगते. मग पेन्सिल-कागदाचा हा आग्रह कशासाठी? या आक्षेपात तथ्य आहे, आणि यंत्राचा उपयोग करू नये असे म्हणणारा मी नव्हे. परंतु सभागृहातील पटावर खेळलेला डाव कोणी लिहिलाच नसेल तर तो यंत्रापुढे ठेवणार कसा? आणि ठेवला तरी यंत्र फैसला देते, कैफियत ऐकून घेत नाही. एफ-५ वरील उंट घेणे चूक, एवढे ते सांगेल. पण मुलाने तो का घेतला, घेताना त्याने काय पाहिले आणि काय पाहिले नाही, हे त्या निवृत्त गृहस्थांशी पटाच्या दोन बाजूंनी बसून, खेळ्या मागे घेत-घेत बोलल्याशिवाय निघावयाचे नाही. डाव संपल्यावर प्रतिस्पर्ध्याबरोबर केलेली ही चर्चा हे क्लबाच्या बुद्धिबळाचे हृदय आहे. शिवाय ज्या खेळाडूने खेळी पटावर करून लगेच कागदावर लिहिली, त्याच्या लेखनाच्या त्या दोन-तीन सेकंदांत मनाला एक विसावा मिळतो, घाईला एक अडसर बसतो; दीर्घ डावांत वाढलेल्या खेळाडूंकडे पाहिले म्हणजे या सवयीचे मोल ध्यानात येते.

म्हणून माझी सूचना अशी आहे. रॅपिड स्पर्धा चालू राहोत. त्यांनी हजारो मुले या खेळात आणली आहेत. परंतु त्यांच्या जोडीला उपनगरांनी दीर्घ डावांची एक साखळी उभारावी: अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर असे चार संघ, प्रत्येकात चार पट, एका रविवारी एकच डाव, प्रत्येक खेळाडूस ९० मिनिटे आणि प्रत्येक खेळीस ३० सेकंदांची भर. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा घरी आणि एकदा दारी खेळावयाचे म्हटले तर सहा रविवारांत ती पुरी होते. संघात एक पट शाळकरी मुलासाठी आणि एक साठीपुढच्या खेळाडूसाठी राखून ठेवावा, कारण मघाच्या डावातील त्या दोघांची गाठ पडणे हीच या साखळीची कमाई ठरेल. जर्मनीत लीगची उतरंड वरच्या बुंडेसलिगापासून गावोगावच्या मंडळांपर्यंत उतरते आणि सामान्य खेळाडू वर्षानुवर्षे आपल्या मंडळाच्या संघातून दीर्घ डाव खेळतो. तेथे जे नांदते ते येथे नांदणार नाही असे मानण्यास आधार नाही. प्रवासाची सबबही पूर्वीइतकी बळकट राहिलेली नाही. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ पासून धावू लागल्यामुळे पश्चिम आणि मध्य रेल्वेची ही दोन उपनगरे एकमेकांच्या हाकेवर आली आहेत. बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आडवे पडले आहे आणि रेल्वेने जावयाचे तर अजूनही दादरला उतरून गाडी बदलावी लागते, हे खरे; पण सहा रविवारांपैकी दोनच रविवार त्या दोन संघांस हा फेरा पडेल.

यात सर्वांत महत्त्वाची तजवीज डाव संपल्यानंतरची आहे. सभागृहाला लागून एक खोली विश्लेषणासाठी मोकळी ठेवावी आणि तेथे पट मांडलेले असावेत, म्हणजे हरलेल्या मुलास जिंकलेल्या काकांबरोबर बसता येईल. स्कोअरशीट कार्बनसह दोन प्रतींत लिहून घ्यावी. जागतिक महासंघाच्या नियमांप्रमाणे स्कोअरशीट ही आयोजकाच्या मालकीची असते. म्हणजे ती जपण्याचा अधिकार आपल्याला आधीच मिळालेला आहे, बजावला मात्र कोणी नाही, आणि ज्या थोड्या दीर्घ स्पर्धा होतात त्यांचे कागदही बहुधा निकाल लागताच केराच्या टोपलीत जातात. ते वर्षवार, संघवार बांधून एखाद्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करावेत. विलेपार्ल्याचा १९२३ मध्ये स्थापन झालेला लोकमान्य सेवा संघ किंवा मुलुंडचा महाराष्ट्र सेवा संघ यांसारख्या संस्था आपली ग्रंथालये निष्ठेने चालवीत आलेल्या आहेत. बुद्धिबळाच्या डावांसाठी एक कपाट मागितले तर त्या नाही म्हणतील असे मला वाटत नाही. पुढे कोणा विद्यार्थ्यास ते डाव संगणकावर चढवावेसे वाटले तर मूळ कागद तेथे असतील.

आणि बक्षिसांच्या यादीत एका नव्या बक्षिसाची भर घालावी, अशी मुंबई उपनगर जिल्ह्यातील बुद्धिबळ संघटकांना माझी विनंती आहे. आपला हरलेला डाव स्वच्छ लिहून, तो कोणत्या खेळीपासून आणि कोणत्या समजुतीमुळे बिघडला हे मराठीत एका पानावर मांडणाऱ्या, बारा वर्षांखालील मुलास किंवा मुलीस ते द्यावे, आणि ते विजेत्याच्या चषकाबरोबर त्याच मंचावर द्यावे. येत्या दिवाळीच्या सुट्टीत याचा प्रारंभ करावयाचा असेल तर कार्बनच्या वह्या, एक पंच, लगतच्या खोलीसह पाच तासांचे सभागृह आणि मुलांना घाई न करणारे पालक, एवढे पुरे आहे.